चतुर्थीच्या संध्याकाळची काळी वायर

भाद्रपद लागला की आमच्या गल्लीत बांबू येऊन पडतात. यंदाही पडले आहेत. मंडळाची पोरं मांडवासाठी खड्डे खणताहेत, मेहरूण तलावाकडून ओलसर वारा येतोय, कोपऱ्यावर आघाडा-दुर्वांच्या जुड्या घेऊन बाई बसली आहे, आणि मी खिडकीत उभा राहून बघतोय की रोषणाईची वायर या वर्षी कुठल्या खांबावरून जाते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नजर काही जात नाही. वीज कंपनीच्या भरारी पथकात माझी सगळी नोकरी झाली. आकडे शोधायचे, म्हणजे खांबावरच्या तारेत चोरून अडकवलेल्या वायरी शोधायच्या, हे माझं काम. जळगाव, पाचोरा, एरंडोल, धुळे, जिथं बदली झाली तिथं मी मान वर करूनच फिरलो. लोकांना वाटायचं, साहेब आभाळाकडे बघत चाललेत. आभाळ मी कधी पाहिलंच नाही. माझी नजर तारांपर्यंत जायची आणि तिथून खाली कोणाच्या तरी घरात उतरायची.

या कामानं माझा स्वभाव बिघडवला, की स्वभाव असा होता म्हणून काम जमलं, ते मला सांगता येणार नाही. दूधवाला हसून बोलला की मी त्या दिवशीचं दूध जास्त निरखून बघतो. रिक्षावाल्यानं सरळ रस्ता घेतला तरी मनात येतं, हा आज सरळ का चाललाय? आमची मंदा, माझी बायको, म्हणते, "तुमच्या हातावर देवानं प्रसाद ठेवला, तर तुम्ही आधी वास घ्याल." घेतोच. प्रसाद कधी कधी शिळा असतो.

अशा माणसाच्या समोरच्या घरात सुमनअक्का राहायला आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, यावल-चोपड्याच्या वरच्या अंगाला, त्यांची उमेदीची वर्षं गेली. लग्न केलं नाही. माहेर शिरपूरकडचं, एरवी आमच्यासारखं शहरी बोलतात, पण खुलल्या किंवा चिडल्या की सरळ अहिराणीत शिरतात. ज्या उपकेंद्रात त्या होत्या तिथं दिवे असून नसल्यासारखे. बाळंतीण अडली की अंगणात बसून वाट बघायची, आणि वाट बघता बघता आभाळ पाठ झालं, असं त्या सांगायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी दुर्बीण घेतली. चांगली हातभर लांब, जाड नळीची, तिवईवर उभी राहणारी. रोज दिवेलागणीला ती गच्चीवर यायची.

माझ्या गच्चीतून त्यांची गच्ची समोरच दिसते. एकटी बाई, संध्याकाळची वेळ आणि गल्लीतल्या बारा घरांवरून फिरणारी ती नळी. मी पहिले आठ दिवस खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. नवव्या दिवशी अक्कांनी समोरूनच हाक मारली, "नाना, तुमच्या घरात बघण्यासारखं काही नाही. वर या, चंद्र दाखवते."

गेलो. नळीला डोळा लावला आणि चंद्र एकदम अंगावर आला. खड्डे, डोंगर, कडेच्या सावल्या, सगळं चुनखडीसारखं कोरडं आणि इतकं स्पष्ट की मला पहिला विचार आला, आत फोटो चिकटवलाय. मी हळूच नळीच्या पुढच्या तोंडासमोर हात धरला. चंद्र गेला. हात काढला, चंद्र आला. अक्का बघत होत्या. म्हणाल्या, "सील तपासलंत का?" शेजारी पुष्पाताई उभ्या होत्या, त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

पुष्पाताई अक्कांच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. ब्लाउज शिवायच्या. दिवसभर मशीन चालवून पाठ आखडली की संध्याकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन अक्कांच्या गच्चीवर जायच्या. तिथं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या कायम मांडलेल्या असत. त्या अक्कांना 'अगं अक्का' म्हणत आणि अक्का त्यांना नुसतं 'पुष्पा'. हळूहळू गल्लीतली पोरंही जायला लागली, मग पोरांना बोलवायच्या निमित्तानं त्यांच्या आया. हिवाळ्यात गुरूचे चार चंद्र दिसले. शनी मात्र निम्म्या लोकांनी पाहिला नाही. त्याच्या नजरेला नजर कशाला द्या, म्हणून. मी पाहिला. त्याची कडी तेव्हा अगदी बारीक रेघेसारखी झाली होती. मला तो शंभर टक्के स्टिकर वाटला, पण या वेळी मी हात घातला नाही. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असायचा, अनवाणी पायांना तो गरम लागायचा, डोक्यावर वारा गार. त्या संध्याकाळी मला आवडायच्या, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो भाद्रपद मुळातच संशयाचा होता. गावोगाव बोलवा उठली होती की संध्याकाळी ड्रोन फिरतात, घरं हेरून जातात. एरंडोलकडच्या खेड्यातून माझ्या चुलतभावाचा फोन आला. मी तेव्हा अक्कांच्याच गच्चीवर होतो. तो धापा टाकत म्हणाला, "नाना, ड्रोन शे! लाल-हिरवा होई राह्यना. बठ्ठा गाव काठ्या लई उभा शे!" मी विचारलं, कुठल्या दिशेला? म्हणाला, जिकडे सूर्य बुडाला तिकडे, झाडांच्या जरासं वर. मी तिकडे पाहिलं, आमच्याकडेही तो होता. खरं सांगतो, मीही कठड्याआड वाकलो. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, तो शुक्र शे. अर्धा तास थांबा, आपोआप बुडी जाई." अर्ध्या तासानं भावाचा परत फोन आला, की आमच्या काठ्या बघून ड्रोन पळाला.

आणि मग चतुर्थी आली. गणपती बसला, आरती झाली, मंदानं उकडीचे मोदक केले. चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही, बघितला की चोरीचा आळ येतो, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मी या असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी पाळतो. साऱ्या जन्मात लोकांवर चोरीचे आरोप ठेवले. ते उलटून आपल्यावर आले तर काय, ही धाकधूक असेल.

दिवे लागायच्या सुमारास टाकी भरून वाहायला लागली, म्हणून मी व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर गेलो. चंद्र पश्चिमेला असणार हे ठाऊक होतं, आणि पश्चिमेलाच अक्कांचं घर. मी कपाळावर हात आडवा धरला, टोपीच्या पुढच्या पानासारखा, आणि नजर कठड्याच्या वर जाऊ दिली नाही. व्हॉल्व्ह फिरवला. मागे वळताना हाताखालून अक्कांची गच्ची दिसली. अक्का दुर्बिणीला डोळा लावून वाकल्या होत्या. म्हणजे त्या नेमका तोच चंद्र बघत होत्या. आणि त्यांच्या कठड्याच्या गजाला एक काळी वायर बांधलेली होती. काल नव्हती. ती वायर तिथून वर चढत गेली होती. खांबाकडे.

माझ्या नोकरीत पहिला धडा असायचा, की वायर दिसली की ती दोन्ही टोकांनी बघायची. घरातलं टोक आणि तारेवरचं टोक. मधूनच निष्कर्ष काढायचा नाही. किती नवीन पोरांना मी यावरून झापलं असेल. त्या संध्याकाळी मी एकच टोक पाहिलं, कारण दुसऱ्या टोकाच्या बरोबर वर चंद्र होता.

खाली येऊन मी जुन्या ऑफिसातल्या एकाला फोन केला. माझं नाव कुठं येऊ देऊ नका, म्हणालो. फोन करताना मला वाईट वाटत नव्हतं. उलट अंगात जुनी तरतरी आली होती, आणि वर असंही वाटत होतं की कायदा सगळ्यांना सारखा. दारात मंडळाची रोषणाई झगझगत होती. तिचं कनेक्शन कुठून आलं, हे मात्र मी कधीच विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बायका भाज्या निवडत बसल्या होत्या तेव्हा जीप आली. पाच माणसं. गल्ली गच्च्यांवर चढली. मीही चढलो, सगळ्यांसारखा. शिडी लागली. एक जण वर गेला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, ही टीव्हीची मेलेली केबल आहे. खांबाच्या पट्टीला नुसती गाठ मारलीय." झालं होतं ते असं. खांबावरच्या दिव्याचा उजेड दुर्बिणीत शिरायचा, ग्रह फिके दिसायचे. चतुर्थीच्या दुपारी रोषणाईवाला शिडी लावून वर गेला होता, त्याच्याकडून अक्कांनी पडून राहिलेल्या केबलचं एक टोक खांबाला बांधून घेतलं, दुसरं आपल्या कठड्याला. तिच्यावरून एक काळी चादर सरकवायची, दिव्यासमोर पडदा. चादरीला कड्या पुष्पाताईंनी शिवून दिल्या होत्या.

तरी पथकानं घरात जाऊन मीटर उघडला, सील बघितलं, मागच्या खोलीपर्यंत गेले. अक्का ओट्यावर उभ्या होत्या. मांडवातला स्पीकर नेमका बंद होता, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "देखा, बठ्ठं घर देखा. पलंगखालेबी देखा." चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात जाऊन बाळंतपणं केली होती, त्यांच्या स्वतःच्या घरात असं कोणी शिरलं नव्हतं. जाताना साहेब म्हणाला, "आम्हाला माहिती मिळाली होती." केबल कापून घेऊन गेले. चादर रस्त्यावर पडली ती पुष्पाताईंनी उचलली.

गल्लीनं निकाल लगेच दिला. काल दुर्बिणीतून चतुर्थीचा चंद्र बघितला, तोही इतका मोठा करून, मग आळ येणारच. साक्षात देवाला चुकला नाही तर अक्कांना कसा चुकेल? बायका हळहळल्या, कोणी मण्याची कथा ऐकायला सांगितली, कोणी काही. फोन कोणी केला असेल, हे एकानंही विचारलं नाही. चंद्रानं तो आळ परस्पर आपल्या अंगावर घेतला. आळ येऊ नये म्हणून लोकांनी काय काय उपाय सांगून ठेवलेत. दुसऱ्यावर आळ घेणाऱ्यानं काय करायचं, त्याचं कुठंच काही सांगितलेलं नाही. मी आरतीला उभा राहिलो, दोन मोदक खाल्ले आणि झोपलो.

पोरं गच्चीवर जायची बंद झाली. धाड पडलेल्या घरात कशाला, असं आयांचं म्हणणं. थोड्या दिवसांनी लक्षात आलं की दुसरी खुर्चीही गच्चीवर नाही. पुष्पाताई भ्यायल्या असतील, असं मी धरून चाललो. मला त्यांची पर्वा नव्हती, माझं सगळं लक्ष अक्कांकडे. यांना कळलंय का? भाजीवाल्याकडे भेटल्या आणि "काय नाना, बरं आहे ना?" म्हणाल्या, की त्या 'ना'मध्ये काय होतं यावर मी दोन दिवस घालवायचो. संक्रांतीला त्यांनी वाटीभर फुनके, डाळीचे वाफवलेले गोळे, पाठवले. मंदा खाऊन मोकळी झाली. मी वाटी हातात घेऊन बसलो. त्या राहायला आल्यापासून त्या घरातून या घरात कधी फुनके आले नव्हते, आजच का आले? मंदा म्हणाली, "तुरीची डाळ आहे त्यात, दुसरं काही नाही." तिलाही मी सांगितलेलं नव्हतं. चोर पकडणं मला येत होतं. चोर होऊन राहणं फार दमवतं, हे त्या दिवसांत कळलं.

त्याच उन्हाळ्यात पुष्पाताईंचा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि त्यांना धुळ्याला घेऊन गेला. मशीन, दोन पिंपं, गाद्या. निघताना त्या अक्कांच्या दारापाशी गेल्या, कडी वाजवली, थोडा वेळ थांबल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. अक्का घरी नसतील, असं मी तेव्हा समजलो.

यंदाची गोष्ट परवाची, पोळ्याच्या आदल्या दिवसाची. बाजारात मातीचे बैल आले होते. संध्याकाळी अक्कांनी समोरून हाक मारली, "नाना, वर या. जरा काम आहे." दोन वर्षांत पहिल्यांदा. आता ही विचारणार, असं मनाशी म्हणत मी वर गेलो.

दुर्बिणीचं खोकं उघडं होतं. त्या म्हणाल्या, "एका शाळेला देऊन टाकते आहे. माझ्यानं खाली नेववत नाही, तुम्ही धरा एका बाजूनं. नेण्याआधी एकदा बघून घ्या." डोळा लावला. आत एक बारीक, लखलखीत कोर होती.

"चंद्र आज लहान दिसतोय," मी म्हणालो.

"तो चंद्र नही. शुक्र शे. त्यालेबी कला असतीस."

माझा विश्वास बसेना. मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. मी नळीवरून डोकं काढून आभाळ धुंडाळलं, आणि अक्का म्हणाल्या, "चांद शेच कोठे आते? उद्या आवस शे." खरंच नव्हता. मी मान पूर्ण वर केली, मागे टेकवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आभाळात चंद्र नव्हता. खांबावरचा दिवा तेवढा डोळ्यांत घुसत होता.

"द्यायची का आहे?" मी विचारलं.

"एकली काय देखू?" त्या म्हणाल्या. एवढंच. त्यात टोमणा होता का, हे मी शोधायला लागलो आणि मला माझीच किळस आली.

"अक्का," मी म्हणालो, "पथकाला फोन मी केला होता."

त्या खोक्यात थर्माकोल बसवत होत्या. हात थांबले. मी कपाळावरच्या हातापासून सगळं सांगितलं. त्या चिडतील, घराबाहेर काढतील, अशी माझी तयारी होती. त्या दुर्बिणीच्या तिवईला धरून हळूहळू खाली स्लॅबवर बसल्या.

"माले वाटनं, पुष्पानी सांगं व्हई," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. केबल बांधताना गच्चीवर दोघीच होत्या. पुष्पाताई म्हणाल्या होत्या, "अक्का, ही वायर काढ गं, बघून कोणी काहीतरी म्हणेल." दुसऱ्या दिवशी पथक सरळ त्या वायरीपाशी आलं. रोषणाईवाल्यानं तर स्वतःच बांधून दिली होती, मग तिच्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक होतं? अक्कांनी विचारलं नाही, भांडल्या नाहीत. बोलणं बंद केलं, खुर्ची उचलून ठेवली. "धुळ्याले जावानी वखतले ती ऊनी व्हती. कडी वाजाडी तिनी. मी मजार बशी राह्यनू. दार नही उघाडं."

टेम्पो निघताना मी माझ्या खिडकीत उभा होतो. सगळं पाहिलं होतं मी, फक्त हे दिसलं नव्हतं. दोन वर्षं मी माझ्याच नावाचा माग काढत बसलो, आणि तेवढ्यात माझा आळ भिंतीपलीकडच्या बाईच्या दारात जाऊन बसला होता. मला रडू आलं. या वयात, लोकांच्या गच्चीवर.

अक्का तिवईला धरून उठल्या. मग म्हणाल्या, "सकाळी धुळ्याले जानं. तुम्ही पन चाला. तुम्हीच सांगा तिले. मी सांगसू ते तिले वाटी, मी दुसरावर ढकली राह्यनू."

पहिली एसटी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पुष्पाताईंचा राहून गेलेला रिकामा थर्मास. वाटेत कुठं पोळ्यासाठी बैल धुतले जात होते.

पुष्पाताईंनी दार उघडलं. बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, मागे अक्कांना बघून हात तसाच राहिला. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून सांगून टाकलं. आत जाऊन बसलो असतो तर जमलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावरून त्या अक्कांकडे बघत होत्या.

"त्यांचं सोड," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांवरच घेतात. पण अक्का, तू माझ्यावर संशय घेतलास?"

अक्का पुढे झाल्या. काहीतरी बोलायला लागल्या, आवाज इतका खाली होता की जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू आला नसता. मी जवळच उभा होतो. दोन बायका दारात हळू आवाजात बोलताहेत आणि मी तिथं आहे, अशा वेळी माझे कान आजवर कधी गप्प बसलेले नाहीत. मी चपला पायात अडकवल्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो, एक शब्दही ऐकू येणार नाही इतक्या लांब, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.